बुयी बाटिक: तडा न जाता इतकी बारीक रेघ कशी येते?

निळी_रेघ (प्रश्न)

चीनच्या ग्वीचौ प्रांतातल्या बुयी लोकांच्या बाटिकबद्दल जरा खोलात जाऊन विचारायचं आहे. मेणाने नक्षी काढतात, कापड निळीत बुडवतात, उकळून मेण काढतात, एवढं सगळीकडे सापडतं. त्यापुढे कोणी जात नाही.

माझं अडतंय ते असं. चेननिंग काउंटीतल्या, म्हणजे ह्वांगग्वोशू धबधब्याच्या परिसरातल्या जुन्या घागऱ्यांचं कापड जवळून पाहिलं तर पांढऱ्या रेघा जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या असतात. भोवऱ्यासारखी वलयं, नेच्याच्या गुंडाळलेल्या कोंबासारखे आकडे, ठिपक्यांच्या रांगा, आणि या सगळ्यांत कुठेही तडे नाहीत. बाटिक म्हटलं की मेण तडकून कापडभर पसरलेलं निळ्या शिरांचं जाळं आपण गृहीतच धरतो. इथे ते नाही, आणि तरीही निळा रंग चांगला गडद आहे. म्हणजे कापड निळीच्या पिंपात बऱ्याच वेळा गेलेलं असणार.

मग मेणात काही वेगळं असतं का? नळीच्या कलमाऐवजी तांब्याची पाती वापरतात, त्याने नेमका काय फरक पडतो? पिंप गरम करत नाहीत तर नीळ धरते कशी? हुईश्वेई भागात मेणाऐवजी झाडाचा चीक वापरतात असंही वाचलं, त्याची कृती कोणाला माहीत आहे का? शेवटचं: ही नक्षी पोशाखात नेमकी कुठे बसते आणि सगळे बुयी लोक ती वापरतात का?

---

घोटीव

मेण, पाती आणि कापड या तिघांबद्दल लिहितो. निळीच्या पिंपाचं कोणीतरी सविस्तर लिहील.

सुरुवात कापडापासून करायला हवी, कारण बारीक रेघेचं निम्मं श्रेय तयारीला आहे. हातमागाचं सुती कापड, पन्हा साधारण 35 ते 40 सेंटीमीटर. आधी ते राखेच्या पाण्यात उकळून धुतात, म्हणजे सुताला लावलेली खळ आणि कापसाचा मूळचा तेलकटपणा निघून जातो. ही पायरी कमी पडली तर पुढे नीळ चट्ट्याचट्ट्यांनी बसते आणि मेणही धाग्याच्या आत शिरत नाही. मग उलट्या बाजूने अळकुडीसारख्या कंदाची पातळ खळ लावतात, वाळवतात, आणि सपाट फळीवर बैलाच्या शिंगाने किंवा गुळगुळीत दगडाने घोटतात. घोटल्यामुळे धागे चपटे होतात आणि मधल्या फटी मिटतात. न घोटलेल्या कापडावर वितळलेलं मेण धाग्याच्या दिशेने पळतं आणि रेघेला केसाळ कडा येते. रेघेच्या कडेला मुंगीच्या पायांसारखे फाटे दिसले तर दोष मेणात शोधू नये, घोटाईत शोधावा.

आता पाती. दोन किंवा जास्त तांब्याचे पातळ पत्रे, त्रिकोणी किंवा कुऱ्हाडीच्या आकाराचे, एकमेकांवर ठेवून बांबूच्या नाहीतर लाकडाच्या मुठीत बांधलेले. पत्र्यांच्या मधल्या बारीक फटीत मेण धरलं जातं आणि धार कापडाला टेकली की खाली उतरतं. तांबं का, तर ते लगेच तापतं आणि मेण पातळ ठेवतं. नळीच्या कलमातून मेण स्वतःच्या वजनाने वाहत असतं, हात थांबला की थेंब पडतो. पात्यात तसं होत नाही. धार कापडावर चालत असेल तेवढंच मेण उतरतं. म्हणून समांतर सरळ रेघा हा या हत्याराचा खरा हातखंडा. वलय काढताना अडचण येते, कारण धार रुंद असते आणि हात वळवला की रेघ जाड होते. त्यावर उपाय म्हणजे हात जागेवर ठेवून कापड फिरवायचं. ठिपक्यांसाठी धारेचा फक्त कोपरा टेकवतात. बारीक रेघेला लहान पातं, भरावाला मोठं, अशी तीन-चार पाती शेजारी ठेवलेली असतात.

आधी पेन्सिलीने नक्षी आखत नाहीत. कापडाला घडी घालून मधली रेषा मिळवतात, मोठे चौकोन नखाने ओरखडून ठरवतात आणि बाकी सगळं डोळ्याने. जुन्या कापडावर दोन वलयं कधीच तंतोतंत सारखी नसतात, ते यामुळे.

मेण मधमाशीचं, पिवळं. ते 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं, काम करताना त्याहून थोडं जास्त गरम ठेवावं लागतं. मेणाचं लहान भांडं निखाऱ्यावर थेट न ठेवता गरम राखेत बसवतात, म्हणजे उष्णता एकसारखी राहते. फार तापलं तर रेघ पसरते, धूर यायला लागला तर मेण जळून ठिसूळ होतं. थंड पडलं तर ते कापडाच्या वरच राहतं. तपासायचं कसं: कापड उलटं करा. रेघ मागून ओलसर, किंचित पारदर्शक दिसली तर मेण आरपार गेलंय. पांढुरकी, उठावदार दिसली तर ते नुसतं वर बसलंय आणि दुसऱ्या-तिसऱ्या बुडीत पापुद्र्यासारखं निघून येणार. अशी रेघ परत गिरवणं अवघड असतं, ती मागच्या बाजूनेच गिरवावी.

तड्यांचं कारण इथेच आहे. मधमाशीचं मेण मऊ आणि चिवट असतं, वाकतं पण सहज तडकत नाही. पॅराफिन ठिसूळ. बाजारात विकायच्या बाटिकमध्ये पॅराफिन मुद्दाम मिसळतात, कापड चुरगळतात, आणि त्या जाळीलाच बाटिकची ओळख म्हणून खपवतात. घरच्या वापराच्या कापडात तडा हा दोष मानला जातो. त्यामागचं तर्कशास्त्र सरळ आहे: मिलिमीटरभर रेघेतून एक तडा आडवा गेला तरी ती रेघ तुटते. काम जितकं बारीक तितकं शुद्ध मेण लागतं. उकळून काढलेलं मेण परत वापरतात, पण ते काळपट आणि थोडं कडक होत जातं, म्हणून जुनं मेण भरावाला आणि नवं रेघेला असा विभाग करणं शहाणपणाचं.

थंडीच्या दिवसांत शुद्ध मेणसुद्धा तडकतं. मेण लावलेलं कापड घडी न घालता, नळकांडीसारखं सैल गुंडाळून ठेवावं.

---

पिंपावरची_साय

घोटीव यांनी तड्यांचं नेमकं सांगितलं. पिंपाची बाजू मी मांडते.

नीळ आणि मेण ही जोडी जमण्याचं मूळ कारण तापमान आहे. उकळत्या रंगात मेण टिकणार नाही. नीळ मात्र थंड पिंपात धरते, 20 ते 30 अंशांत उत्तम चालते. म्हणून बाटिक आणि नीळ एकत्र वाढले.

नीळ ज्या वनस्पतीतून काढतात ती स्ट्रोबिलँथिस कुसिया, कारवीच्याच वंशातली, दमट सावलीत वाढणारी. पानं आणि कोवळ्या फांद्या कापून खड्ड्यात किंवा पिंपात पाण्याखाली दडपून ठेवतात. उबदार हवेत दोन-तीन दिवस पुरतात, गार हवेत जास्त लागतात. पाणी पिवळट हिरवं झालं, पानं लिबलिबीत झाली की ती काढून टाकायची. इथे उशीर केला तर कुजण्याचा घाण वास येतो आणि तयार झालेला रंग वाया जायला लागतो. मग विझवलेला चुना पाण्यात कालवून घालतात आणि पाणी जोरजोरात घुसळतात, कळशीने उचलून उंचावरून ओततात. हवा मिसळली की हिरवं पाणी निळं होतं, जांभळट निळा फेस चढतो. फेस बारीक होऊन बसायला लागला की थांबायचं. रात्रभरात गाळ खाली बसतो, वरचं पाणी काढून टाकलं की उरते ती निळीची लगदी. चुना जास्त झाला तर लगदी पांढुरकी आणि खरखरीत होते, रंगवताना वजनाच्या मानाने रंग कमी मिळतो. कमी झाला तर गाळ खाली बसतच नाही, वरच्या पाण्याबरोबर रंग वाहून जातो. वरचं पाणी चहासारखं तपकिरी आणि स्वच्छ दिसलं तर प्रमाण बरोबर होतं.

ही लगदी पाण्यात विरघळत नाही. ती विरघळवण्यासाठी पिंप जिवंत करावं लागतं: राखेतून गाळलेलं पाणी, लगदी आणि तांदळाची दारू. राखेचं पाणी क्षार देतं. दारूवर आणि पानांच्या उरलेल्या अंशावर जीवाणू वाढतात आणि तेच निळीतला ऑक्सिजन ओढून तिला विरघळणाऱ्या रूपात आणतात. तयार पिंप वरून निळं दिसतं पण ढवळलं की आत पिवळट हिरवं असतं, वर तांब्याच्या झाकेची साय धरते आणि मधोमध निळ्या फेसाचा गोळा उभा राहतो. वास आंबूस पण स्वच्छ. सामू (pH) 10.5 ते 11 च्या आसपास हवा. सामू तपासायचा कागद नसेल तर बोटं चोळून पाहतात, पाणी साबणासारखं बुळबुळीत लागलं पाहिजे.

बिघडतं ते बहुधा तीन तऱ्हांनी. पाणी आतूनही निळं दिसायला लागलं म्हणजे हवा जास्त गेली किंवा जीवाणूंना खायला नाही. थोडी दारू घालून, झाकून, पिंपाला एक-दोन दिवस विश्रांती द्यावी. घाणेरडा कुजका वास आला आणि बुळबुळीतपणा गेला म्हणजे क्षार कमी पडला. राखेचं पाणी किंवा चिमूटभर चुना. याउलट चुना भसाभस घातला, सामू 12 च्या वर गेला, तर जीवाणूच झोपतात आणि पिंप शांत, निर्जीव दिसतं. ते ताळ्यावर यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. म्हणून चुना नेहमी हात राखून. हिवाळ्यात 15 अंशांच्या खाली पिंप मंदावतं. ते बिघाड समजून त्यात काही ओतत बसू नये, पिंपाभोवती पेंढा गुंडाळावा.

बुडवण्याबद्दल. मेण लावलेलं कापड आधी साध्या गार पाण्यात पूर्ण भिजवायचं, नाहीतर कोरड्या जागी हवेचे बुडबुडे अडकून फिके डाग राहतात. मग पिंपात अलगद, उभं सोडायचं. तळाशी गाळ असतो, त्याला कापड लागू नये म्हणून बांबूची जाळी ठेवतात. एक बुडी 15 ते 30 मिनिटांची. बाहेर काढल्यावर कापड हिरवट असतं आणि डोळ्यांदेखत निळं होत जातं. पूर्ण निळं होईपर्यंत, म्हणजे किमान 15 मिनिटं, टांगून ठेवायचं. पिळायचं नाही, मेण तिथेच तडकतं. फिकट निळ्याला तीन-चार बुड्या पुरतात, गडदला आठ-दहा किंवा जास्त, त्या काही दिवसांत विभागून. एकाच लांब बुडीत गडद रंग येत नाही. येतो तो वरवरचा आणि धुतल्यावर निघून जातो. गडदपणा थर चढवूनच मिळतो.

दोन निळ्या छटा हव्या असतील तर तीन-चार बुड्यांनंतर कापड धुऊन वाळवतात, फिकट ठेवायच्या जागी नव्याने मेण लावतात आणि परत पिंपात. मग पांढरा, फिकट निळा, गडद निळा असे तीन रंग एकाच कापडावर येतात. पहिलं मेण या वेळेपर्यंत थकलेलं असतं, त्याच्या कडा तपासून घ्याव्यात.

शेवटी उकळतं पाणी. मेण वर तरंगतं. कापड बाहेर काढण्याआधी वरचं मेण पळीने काढून घेणं फार महत्त्वाचं, नाहीतर बाहेर येताना कापड त्याच थरातून येतं आणि मेणाचा पातळ लेप परत बसतो. त्यामुळे पांढरं पिवळट दिसतं आणि कापड कडक राहतं. दुसऱ्या स्वच्छ पाण्यात परत एकदा उकळावं, मग वाहत्या गार पाण्यात सुटा रंग जाईपर्यंत धुवावं.

---

निळी_रेघ

दोघांचेही मनापासून आभार, इतकी नेमकी माहिती एका जागी मिळाली नव्हती.

एक उपप्रश्न. एका तुकड्यावर नक्षी स्वच्छ आहे पण गडद जमिनीवर उभे फिकट पट्टे दिसतात, समान अंतरावर. हा दोष मेणाचा की पिंपाचा?

---

पिंपावरची_साय

पट्टे समान अंतरावर आहेत म्हणजे घडीचे. कापड पिंपात चुणीचुणीने टांगलं गेलं आणि घडीच्या आतल्या बाजूंना एक तर रंग पोचला नाही किंवा बाहेर काढल्यावर हवा लागली नाही. हवा न लागलेली नीळ पुढच्या बुडीत परत विरघळून निघून जाते. प्रत्येक बुडीला कापडाची टांगण्याची जागा आणि वरची-खालची टोकं बदलली तर हे टळतं. पट्टे वेडेवाकडे आणि कडा धूसर असत्या तर कापडाची धुलाई अपुरी असं म्हटलं असतं.

---

तीन_टोकी_पान

हुईश्वेईबद्दल: होय, खरं आहे, आणि ते मेणाच्या बाटिकपेक्षा वेगळं तंत्र आहे. छ्येननान बुयी-म्याओ स्वायत्त विभागातल्या हुईश्वेई काउंटीत बुयी लोक आणि छ्येनतोंगनान विभागातल्या माच्यांग काउंटीत याओ लोक हे काम करतात. 2008 मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारसा यादीत त्याची नोंद झाली, या दोन्ही काउंटींच्या नावाने.

आधी झाडाची ओळख, कारण इथे सगळे घसरतात. इंग्रजी लेखांत त्याला मेपल म्हणून टाकतात. ते मेपल नाही. लिक्विडांबर फॉर्मोसाना हे वेगळ्या कुळातलं झाड आहे. पान तीन टोकांचं आणि फांदीवर एकाआड एक येतं, मेपलची पानं जोडीने समोरासमोर असतात. चुरडलं की राळेसारखा सुगंध येतो. खऱ्या मेपलचा गोड रस या कामाला निरुपयोगी आहे.

जुन्या, जाड बुंध्याच्या झाडाच्या सालीला खाचा पाडून सुगंधी राळ गोळा करतात. ती नुसती वापरली तर थंड झाल्यावर काचेसारखी कडक होते आणि कापड हलवलं की उडते. म्हणून गुरांची चरबी मिसळून मंद आचेवर वितळवतात आणि सालीचे तुकडे, माती गाळून घेतात. चरबी मिश्रणाला लवचिक करते. प्रमाण हवेवर बदलावं लागतं. थंडीत चरबी थोडी वाढवायची, उकाड्यात कमी करायची, नाहीतर रेघ चिकट राहून कापडाच्या घडीला दुसऱ्या बाजूवर उमटते. चाचणी साधी: कापडाच्या चिंधीवर एक रेघ ओढून थंड होऊ द्या आणि दुमडा. तडकली तर चरबी कमी, बोटाला लागली तर जास्त.

दुसरा मोठा फरक म्हणजे ती पात्याने नाही, केसांच्या कुंचल्याने लावतात. त्यामुळे रेघ सुरुवातीला जाड, शेवटी निमुळती होते, पाकळ्या, पक्षी, वेली सहज येतात. पात्याच्या कामात भूमितीचा जोर असतो, इथे हाताच्या वळणाचा. कापड कुठल्या पद्धतीचं आहे हे रेघेच्या शेपटावरून कळतं. एकसारख्या जाडीची, तुटक टोकाची रेघ पात्याची. शेपूट निमुळतं असेल तर कुंचल्याची. कुंचला सतत गरम मिश्रणात ठेवला तर केस जळून झडतात, आणि थंड होऊ दिला तर गोळा होतो. म्हणून बुडवून लगेच भांड्याच्या कडेला निपटायचा आणि लगेच रेघ ओढायची.

पिंपाबाबत एक सावधगिरी. चरबी आणि राळ दोन्ही तिखट क्षारात हळूहळू साबणासारखी विरघळतात, मधमाशीच्या मेणापेक्षा लवकर. त्यामुळे या कापडाला क्षार बेताचा असलेलं पिंप हवं आणि बुड्या छोट्या, नाहीतर गडद रंग येईपर्यंत रेघांच्या कडा खाल्लेल्या दिसतात. याच गुणाचा शेवटी फायदा होतो. उकळताना पाण्यात थोडं राखेचं पाणी घातलं की चरबी झटकन सुटते.

याच झाडाची कोवळी पानं भात काळा करायला वापरतात, तेही सांगून टाकतो, कारण दोन्हींचा हंगाम आणि माणसं तीच. चांद्र पंचांगाच्या तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशीच्या सणाला बुयी घरांत चिकट तांदळाचा रंगीत भात होतो. कोवळी पानं कुटून पाण्यात काही तास ठेवली की पाणी काळपट होतं, लोखंडी भांडं असेल तर अजून गडद, कारण पानातल्या टॅनिनची लोहाशी गाठ पडते. ते गाळून कोमट करायचं, 50 ते 60 अंश, उकळायचं नाही. त्यात चिकट तांदूळ रात्रभर. सकाळी तांदूळ राखाडी निळसर दिसतो आणि रंग धरला नाही असं वाटतं. तो वाफेवरच काळा होतो. पिवळ्यासाठी बडलेया ऑफिसिनॅलिस या झुडपाची वाळलेली फुलं दहा-पंधरा मिनिटं उकळून ते पाणी घेतात. लाल आणि जांभळा पेरिस्ट्रॉफी नावाच्या पाल्याचा, त्यात राखेचा किंवा चुन्याचा अंश पडला की लाल जांभळ्याकडे झुकतो. पाचवा रंग तांदळाचा स्वतःचा पांढरा. प्रत्येक रंग वेगळा भिजवून, नीट निथळून मगच एका लाकडी वाफेच्या भांड्यात रचायचा, गडद खाली आणि पांढरा सगळ्यात वर. वाफेचं पाणी ठिबकतं ते खालीच, उलटं रचलं तर पांढरा राहतच नाही.

---

चुणीदार

पोशाखाच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, सगळे बुयी लोक बाटिकचा घागरा घालत नाहीत, आणि हे आधी स्पष्ट व्हायला हवं. 2020 च्या जनगणनेत बुयी लोकसंख्या 35 लाखांच्या वर होती, आणि बोलीचे तीन मोठे पट्टे धरले जातात. पोशाखही साधारण त्याच रेषांनी बदलतो. दक्षिणेच्या पट्ट्यात, वांगमो, त्सहंग या बाजूला बायका आखूड अंगरखा आणि विजार घालतात, बहुतेक साध्या निळ्या रंगात, आणि तिथलं वैशिष्ट्य म्हणजे हातमागाचं चौकड्यांचं कापड. बाटिकचा लांब चुणीदार घागरा हा पश्चिमेच्या पट्ट्याचा, चेननिंग, क्वानलिंग, ल्यूची या बाजूचा. प्रदर्शनात "बुयी स्त्रीचा पोशाख" एवढीच चिठ्ठी लावून चेननिंगचा पोशाख ठेवतात तेव्हा बाकीचे दोन पट्टे गायब होतात. चिठ्ठीवर काउंटीचं नाव तरी लिहिलंच पाहिजे.

चेननिंगच्या पोशाखात बाटिक दोन ठिकाणी येतं. घागरा जवळपास पूर्ण बाटिकच्या कापडाचा, पांढरा आणि निळा. अंगरख्यावर गळा, खांदे, बाह्या आणि खालची कड इथे बाटिकच्या पट्ट्या विणलेल्या नक्षीच्या पट्ट्यांना लागून जोडतात. म्हणजे एकाच बाहीवर निळंपांढरं बाटिक आणि त्याला खेटून रंगीत विणकाम. म्हणूनच बाटिकमध्ये निळ्यापलीकडे रंग नसणं इथे शोभून दिसतं, रंगाची बाजू विणकाम सांभाळतं.

घागऱ्याच्या नक्षीकडे पाहताना लक्षात ठेवा की ती सपाट पाहायची नाही. कापडाला बारीक उभ्या चुण्या पडतात, त्यामुळे मोठी आकृती आत दडून जाते. आडव्या पट्ट्यांत पुन्हापुन्हा येणारे ठिपके, रेघा, वलयं मात्र चुणीतही ओळखू येतात, आणि चालताना पट्टे उघडतात-मिटतात. नक्षी भौमितिक असण्यामागे हे व्यवहारी कारणही आहे. संग्रहासाठी जुना घागरा हाताळत असाल तर चुण्या इस्त्रीने उलगडू नका. निळीच्या कडक थरात घडीच्या रेषेवर सूत कमजोर झालेलं असतं आणि ते तिथेच फाटतं. चुण्यांसकट सैल गुंडाळून ठेवावा.

याच पट्ट्यात डोक्यावरच्या वस्त्राने स्त्रीची वैवाहिक स्थिती दाखवण्याची पद्धत होती. लग्नानंतरही मुलगी बराच काळ माहेरीच राहायची, सणावाराला आणि शेतीच्या हंगामात सासरी जायची. मग सासरच्या बायका एके दिवशी तिला न कळवता येऊन तिची वेणी सोडत आणि डोक्यावर "गंगखाव" चढवत: बांबूच्या कोंबाच्या वाळलेल्या आवरणांचा सांगाडा, त्यावर कापड, आकार सुपासारखा मागे लांब गेलेला. मुलगी जोराने प्रतिकार करायची आणि तो अपेक्षितच असायचा. निसटली तर पुढच्या वेळी परत प्रयत्न. एकदा ते डोक्यावर बसलं की ती सासरी कायमची राहायला जायची. त्यामुळे जुन्या छायाचित्रात वेण्या आणि रुमाल दिसला तर लगेच "अविवाहित" असं लिहू नये; लग्न झालेली पण अजून माहेरी असलेलीही असू शकते.

---

घोटीव

निळी_रेघ, तुमच्याकडचा तुकडा हाताचा आहे की छापील, हे पाहण्यासाठी दोन-तीन खुणा देतो, इथे उपयोगी पडतील.

आधी मागची बाजू. मेण आरपार जातं, त्यामुळे हाताच्या बाटिकमध्ये दोन्ही बाजूंना रेघ जवळपास तितकीच स्वच्छ असते. छापील कापड मागून फिकं आणि धूसर. मग तडे असतील तर तेच तपासा: एकाच जाळीचा आकार ठरावीक अंतरावर परत दिसला तर तो रुळावरून छापलेला आहे, मेण दोनदा तसंच तडकत नाही. तिसरी गफलत साच्याच्या निळ्या कापडाशी होते. चीनच्या इतर भागांत कागदाच्या साच्यातून सोयाबीनचं पीठ आणि चुना यांची लगदी लावून निळीत बुडवतात. तिथे पांढऱ्या रेघा कधीच लांब, सलग नसतात, साचा फाटू नये म्हणून त्या मध्येमध्ये तोडाव्याच लागतात. तुमच्या कापडावर वलयाची रेघ न तुटता आत गुंडाळत गेली असेल तर साच्याची शक्यता तिथेच संपते. आणि भिंगातून रेघेची सुरुवात पाहा. पातं पहिल्यांदा टेकतं तिथे मेण किंचित जास्त उतरतं, टाचणीच्या डोक्याएवढा फुगवटा असतो. प्रत्येक रेघेला तो एकाच बाजूला सापडला तर काढणारीचा हात कुठल्या दिशेने चालत होता हेही कळतं.